बारा पिढ्यांच्या फ्लेक्सवर एकपण बाई नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर आमच्या भावकीच्या मेळाव्याची बातमी आली, फोटोसकट. 'बारा पिढ्यांची वंशावळ एकाच फ्लेक्सवर' असं हेडिंग होतं. फोटोत भगवे फेटे बांधून आमचे काका, चुलतभाऊ, पुतणे रांगेत उभे आहेत आणि मागं तो भलामोठा फ्लेक्स, त्याच्यावर वडाचं झाड, खोडात मूळपुरुष आणि फांद्याफांद्यांवर नावं. बातमीबद्दल तक्रार नाही, वार्ताहराला जे सांगितलं तेच त्यानं लिहिलं. पण त्या झाडावर बारा पिढ्यांत एकपण बाई नाही हो. आई नाही, बायको नाही, लेक नाही. बारा पिढ्यांची बाळंतपणं काय बाप्यांनीच केली का, असं मी घरात बोलले तर सगळे हसले, तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला. म्हणून म्हटलं तुम्हालाच लिहावं. पत्र लांब झालंय, कापायचं तिथं कापा, पण पणजीचा भाग तेवढा कापू नका.

मी त्याच घरातली लेक. लग्न होऊन आता तालुक्याच्या गावी असते आणि महा ई-सेवा केंद्र चालवते, म्हणजे वंशावळ हा माझा रोजचा धंदाच आहे म्हणा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन क्रिमीलेयर हे चालूच असतं, पण २०२३ च्या शेवटाला न्या. शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायचं वारं आलं तेव्हापासून वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रांची जी रांग लागली ती अजून आहे. त्यातल्या राजकारणात मला शिरायचं नाही, कुणाला मिळावं कुणाला मिळू नये हे ठरवणारी मी कोण, मी आपली टाईप करणारी. लोक पिशवीत कागद घेऊन येतात, शाळेचा निर्गम उतारा, जुने फेरफार, कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीची नक्कल, कुणाकडं मोडीतला कागद असतो तो आधी मोडी वाचणाऱ्याकडून आणायला लागतो. माणूस बाकड्यावर बसून सांगतो आणि मी चौकोन काढत जाते, वर खापरपणजोबा, खाली बाण, पणजोबा, खाली बाण, आजोबा, वडील, शेवटी अर्जदार. बायकांची नावं घालायची का असं मी सुरुवातीला विचारायचे. 'त्याची काय गरज न्हाई मॅडम.' आणि खरंच गरज नसते, कारण दाखल्याला वडिलांकडचंच रक्ताचं नातं धरतात. नियमाला लागत नाही म्हणून घालत नाहीत, इथवर माझं काही म्हणणं नाही.

पण होतं काय, तोच कागद घरी जातो, लॅमिनेशन होतं, भिंतीवर लागतो. मग कुणीतरी हौशी पोरगा त्याचं डिझाईन करतो, ग्रुपवर पीडीएफ फिरते, मेळाव्याला फ्लेक्स होतो. सरकारी कामापुरती काढलेली चौकटच घराण्याचा इतिहास होऊन बसते आणि पुढच्या पोरांना वाटतं की आपले वाडवडील एवढेच. मला ह्याच्याबद्दलच बोलायचंय.

आणि असं नाही की बायकांची नोंद पूर्वी कुठं नव्हतीच म्हणून आता घालता येत नाही. सरकारी दप्तरात त्यांचे हालच आहेत हे कबूल. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, पोरगी झाली की बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगी'. तिला नाव ठेवलं की नाही ठेवलं कुणास ठाऊक. आज एखाद्या लग्न झालेल्या बाईला जातीचा दाखला काढायचा तर कागद माहेरचेच लागतात, मग ती बिचारी माहेरी जाऊन भावाच्या हातापाया पडून वंशावळ आणते आणि त्या वंशावळीत तिचाच चौकोन नसतो. शिवाय लग्नाआधीची आणि लग्नानंतरची नावं एकाच बाईची आहेत म्हणून वेगळं प्रतिज्ञापत्र, त्याला मॅरेज सर्टिफिकेट नाहीतर गॅझेट. माझ्या केंद्रात ह्या एका कामासाठी किती बायका रडकुंडीला येतात ते बघायला कधीतरी या.

पण सरकारी दप्तर सोडून दुसरं पण दप्तर आहे आमच्याकडं. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं आणि खाली बेळगाव-चिकोडी पट्ट्यात हेळवी येतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते, हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी माणसं, पिढ्यानपिढ्या त्यांचा हाच व्यवसाय, कुठला हेळवी कुठल्या घराचा हे ठरलेलं. पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटरसायकलवर येतात. सुगी झाली की दोनचार वर्षांतनं एकदा आमचा हेळवी येतो, सोप्यात घोंगडं टाकायचं, तो चोपडीला नमस्कार करून सोडतो आणि मूळ गाव, देवक, कुलदैवत तिथनं सुरू करून एकेक पुरुष वाचत खाली येतो. कुणाच्या घरात कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण गेलं ते नवं लिहून घेतो. जाताना जोंधळे, पैसे, कापड. मेळाव्याच्या आधी आमच्या पोरांनी फ्लेक्ससाठी नावं काढली ती ह्या हेळव्याच्या चोपडीतनंच, मोबाईलवर पानांचे फोटो मारून.

आता गंमत ऐका. मी ते फोटो बघितले. आमच्या चोपडीत बायका आहेत! सगळ्या नाहीत, पण बऱ्याच आहेत. नवऱ्याच्या नावाखाली बायकोचं नाव, तिचं माहेरचं गाव, लग्नाची का पाटाची ते पण (पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न). लेकी कुठल्या गावाला दिल्या ते पण काही ठिकाणी लिहिलंय. म्हणजे त्या हेळव्याच्या आजा-पणजोबांनी जे लिहून ठेवलं होतं ते आमच्या इंजिनिअर पोरांनी फ्लेक्सच्या फाईलमधनं डिलीट केलं. जागा पुरत नव्हती म्हणे.

जागेचं कारण मी ऐकून घेतलं असतं, पण आमच्या पणजीच्या बाबतीत जागेचा प्रश्न नव्हता. तिला मुद्दाम काढलंय.

तिचं नाव मी इथं देत नाही. ते आधी आमच्या वंशावळीत येऊ दे, पेपरात नंतर. ती चिकोडीकडची, माहेर कानडी-मराठी मिसळ बोलणारं, आणि शेवटपर्यंत पैसे मोजायची ते कानडीत. ओंदू, एरडू, मूरू. मी तिला बघितलेलं नाही, बहात्तरच्या दुष्काळानंतर लवकरच ती गेली, पण माझी मोठी आत्ती तिच्या हाताखाली वाढली, आता ऐंशीच्या पुढं आहे, हे सगळं तिच्या तोंडचं आणि चोपडीतलं.

लग्न लहानपणीच झालं, तेव्हाच्या रीतीप्रमाणं. नवरा म्हणजे भावांतला थोरला, माझा खरा पणजोबा. एक मुलगा झाला, तो माझा आजा, मग एक मुलगी, मग आणखी एक तान्हं. आणि १९१८ साली मानमोडी आली. करोनाच्या वेळी पेपरवाल्यांनी त्या साथीबद्दल बरंच लिहिलं होतं, स्पॅनिश फ्लू म्हणून, पण आमच्याकडं जुनी माणसं मानमोडीच म्हणायची. देशभरात कोटीच्या वर माणसं गेली, मुंबई इलाख्यात तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला कहर झाला, वर त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला त्यामुळं जोंधळा महाग. त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या असं अभ्यासक सांगतात, आजाऱ्याचं करणार कोण, बायकाच. आमच्या घरात नवरा गेला, सासू गेली, तान्हं गेलं. पणजी राहिली, दोन पोरं घेऊन, वय विशीच्या आसपास.

आता ह्या ठिकाणी त्या काळातल्या विधवेपुढं काय होतं ते बघा. माहेरी परत जायचं तर पोरं सासरची, ती सोडून जायला लागणार. दुसऱ्या गावच्या माणसाशी पाट लावला तरी तेच, पोरं इथंच ठेवायची आणि जमिनीवरचा शब्द संपला. इंग्रजांच्या मुलखात १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यातच लिहिलेलं होतं की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतला हक्क गेला. आमचं गाव कोल्हापूर संस्थानातलं. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, आणि नुसता कागदावर नाही, १९१८ च्या जूनमध्ये महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीला गेले असता अपघातात वारले, सूनबाई इंदुमतीदेवी अगदी लहान वयात विधवा झाल्या, तर महाराजांनी त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही, सोनतळीला ठेवून शिकवलं. राजवाड्यात हे चाललेलं आणि इकडं आमच्या पणजीच्या घरात सासऱ्यांनी आणि चार माणसांनी बसून ठरवलं की धाकट्या दिराशी पाट लावायचा. तिला विचारलं का, तर आत्ती म्हणते, 'इचारलं असंल न्हाईतर नसंल, पर ती हो म्हणाली आसणार, पोरं हितंच ऱ्हायाची हुती न्हवं.' माझं पण तेच मत आहे. पोरं आणि वाफे, दोन्ही एकाच दारात ठेवायचा तो एकच रस्ता होता आणि तिनं तो धरला. आज कुणी तिला बिचारी म्हणेल, मी नाही म्हणणार.

आत्तीनं तिच्या तोंडून ऐकलेलं असं की पाट रातचा लागला, घरात, दिवा बारीक करून, सवाष्णी कोणी गेल्या नाहीत, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही. आणि सकाळी उठून ती मळ्यात भांगलायला गेली, रोजच्यासारखी.

धाकट्या पणजोबापासून तिला आणखी दोन मुलगे झाले. म्हणजे एका बाईचे तीन मुलगे, एक थोरल्याचा, दोन धाकट्याचे, आणि आज आमची जी काय ऐंशी-नव्वद घरांची भावकी मेळाव्याला फेटे बांधून उभी राहते त्यातली निम्म्याच्या वर घरं ह्या तिघांची. हेळव्याच्या चोपडीत हे सरळ लिहिलंय. थोरल्याच्या नावाखाली तिचं नाव, लग्नाची, खाली माझा आजा. धाकट्याच्या नावाखाली परत तिचंच नाव, पाटाची, खाली दोघे. कुणी लाज वाटून खाडाखोड केलेली नाही.

खाडाखोड केली ती आपण, आत्ता. फ्लेक्सवर थोरल्या पणजोबाच्या नावापुढं कंसात 'निर्वंश' असं छापलंय आणि तिन्ही पोरं धाकट्याच्या फांदीवर घातलीत. माझा सख्खा पणजोबा निर्वंश, मग आम्ही कोण, आभाळातनं पडलो? मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणजे धाकट्या पणजोबांचे नातू, भावकीत आता वडीलधारे तेच, माणूस चांगला आहे, माझ्या लग्नात मांडवाचा सगळा भार त्यांनीच उचललेला, म्हणून राग येऊन पण बोलताना जड जातं.

'तात्या, हे असं का केलंसा?'

'अगं आपल्यात पाट न्हवता कधी. आपण त्यातलं न्हवं.'

'चोपडीत तर लिहिलंय.'

'चोपडीत काय लिहित्यात. पोरींची लग्नं व्हायच्यात घरात. सोयरीक बघायला आलेला माणूस आधी हेच शोधतोय.'

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी भर साथीतनं उठून पोरं वाढवलेल्या बाईमुळं २०२५ साली एखादी सोयरीक मोडेल ही भीती. पूर्वी पाट चालणारी कितीतरी घरं पुढं जरा वर सरकली की 'आमच्यात पाट नाही' असं सांगायला लागली, हे आमच्याच घरात झालंय असं नाही, टाईप करताना मला गावोगावचं दिसतं. एका पुरुषाखाली दोन बायका असल्या तर मात्र दोन्ही चौकोन छाती पुढं काढून सांगतात.

आता ह्यातली खरी मेख ऐका, ही तात्यांना पण नंतर कळली. आमच्या भावकीत आज ज्यांनी ज्यांनी दाखले काढलेत त्यांचा सगळ्यात जुना आणि भक्कम कागद कुठला, तर माझ्या आजाचा शाळेचा निर्गम उतारा. बाकीच्यांची शाळाच झालेली नव्हती. माझा आजा शाळेत कसा गेला? १९१७ साली महाराजांनी संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण केलं आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. एक रुपया म्हणजे तेव्हा थोडा नव्हता. घरातल्या बाप्यांचं म्हणणं होतं की पोरगं गुरं राखायला पाहिजे, दंडाचं बघू. पणजी म्हणाली रुपाया देणार कोण, आणि पोराला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं. शिक्षणाचं महत्त्व वगैरे तिला कळलं होतं असं काही मी सांगणार नाही, तिनं रुपाया वाचवला. पण त्या वाचवलेल्या रुपयावर आज आमच्या भावकीतली पोरं ॲडमिशन घेतायत.

त्या उताऱ्यात आजाच्या नावापुढं बापाचं नाव थोरल्याचं आहे, साहजिकच, आणि पालक म्हणून धाकट्याचं. मागच्या वर्षी तात्यांच्या नातवाचं प्रकरण जात पडताळणीला गेलं तेव्हा त्यानं वंशावळ जोडली ती ह्या फ्लेक्सचीच आधीची आवृत्ती, म्हणजे माझा आजा धाकट्याचा मुलगा दाखवलेला. लागली त्रुटी. वंशावळीत बाप एक, उताऱ्यात बाप दुसरा, पालक तिसऱ्याच रकान्यात, हा माणूस तुमच्या रक्तातला कशावरून? बरोबर आहे त्यांचं. पोरगा माझ्याकडं आला तोंड पाडून. मी म्हटलं खरं लिहूया. नवीन प्रतिज्ञापत्र केलं, दोन भाऊ शेजारीशेजारी, मध्ये पणजीचा चौकोन, एक बाण इकडं एक बाण तिकडं, आणि खाली लिहिलं की थोरल्या भावाच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीचा धाकट्या भावाशी पुनर्विवाह झाला. मग ते तिन्ही रकाने आपोआप जुळले. प्रकरण पुढं सरकलं. म्हणजे ती बाई मध्ये घातली तरच ते झाड उभं राहतं, ती काढली की कागदाला कागद लागत नाही. आणि एवढं होऊनसुद्धा मेळाव्याचा फ्लेक्स छापला तो जुन्याच फाईलवरनं! साहेबापुढं खरं चालतं, पाहुण्यापुढं चालत नाही.

तिच्या उरलेल्या आयुष्याबद्दल पण थोडं सांगते कारण ते कुठंच लिहिलेलं नाही. धाकटे पणजोबा मवाळ माणूस, देवादिकात रमणारा, व्यवहार सगळा पणजीच्या हातात. ऊस थोडाच होता पण गुऱ्हाळ लागलं की गूळ शाहूपुरीच्या बाजारात जायचा, आणि रवे गाडीत चढवले की ही पण गाडीत. बाजारात बोलायला पुरुष पुढं, ही मागं पदर घेऊन उभी, पण अडत्यानं पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, केली की ती हिच्या हातात यायची, हिला वाचता येत नव्हतं तर ती दोन माणसांकडून वेगवेगळी वाचून घ्यायची आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला तरच कनवटीला लावायची. त्या पट्ट्या ती एका तारेत ओवून माजघरातल्या खुंटीला अडकवायची. आत्ती म्हणते तार वाकून जमिनीला टेकली होती. पट्ट्यांवर नाव आधी धाकट्या पणजोबाचं, मग आजाचं. तिचं एकावर पण नाही.

काही जमीन आमची होती, काही दुसऱ्याची कुळानं करत होतो. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, कुळं मालक होणार म्हणून गावात धावपळ. जमीन कसल्याचा पुरावा काय, तर पुन्हा ती तार. खंडाच्या पावत्या पण त्यातच ओवलेल्या. कूळकायद्याच्या ३२-ग कलमाखाली किंमत ठरली, हप्ते भरले, आणि सातबाऱ्यावर नावं लागली तिघा मुलांची. हिची मुलगी, म्हणजे माझ्या आजाची सख्खी बहीण, तिचं नाव कुठंच नाही, ती तर फ्लेक्सवर काय, आमच्या बोलण्यात पण नसते. तिला निपाणीकडं दिली होती, चोपडीत गावाचं नाव आहे तेवढंच, पुढचा धागा तुटलाय. कुणाला माहीत असेल तर मला हवाय.

आता तुम्ही म्हणाल जुनं झालं ते, आज कायदा बदललाय. बदललाय की. १९९४ ला महाराष्ट्रात लेकींना वडिलोपार्जितात हक्क आला पण त्याच्या आधी लग्न झालेल्यांना वगळून, मग २००५ ला केंद्रानं सगळ्यांना दिला, २०२० ला सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की बाप २००५ ला जिवंत असायलाच पाहिजे असं काही नाही. आणि माझ्या केंद्रात रोज काय येतं? हक्कसोडपत्र. राखी पौर्णिमेच्या आगेमागे जरा जास्तच येतात, हसू नका, खरं आहे. वारस नोंदीला बहिणींची नावं लावायला लागतात म्हणून लावतात, सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात ढकलतात, आणि मग साडी-चोळी करून सही घेतात. सही कुणी स्वखुशीनं द्यावी, माझं काय जातंय, मी स्वतः पण दिलीय. पण जमीन सोडली म्हणजे झाडावरचा चौकोन पण सोडला असं कुठल्या पत्रात लिहिलंय? वंशावळीत नाव घातल्यानं गुंठाभर पण जमीन जात नाही. भावांना ती भीती असते हे मला माहीत आहे, चारचौघात बोलत नाहीत इतकंच.

सरकारनं तरी एक पाऊल टाकलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव लावायचं, आधी पोराचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. सुरुवातीला फॉर्म भरताना लोक कुरकुरले, नाव लई लांब होतंय म्हणून, आता सवय झाली. म्हणजे ही आत्ताची पोरं मोठी होऊन वंशावळ काढतील तेव्हा त्यांची आई त्यांच्या नावातच असेल. तिच्या वरच्या आयांचं काय? त्या हेळव्यांच्या चोपड्यांत आहेत, पट्ट्यांच्या तारेत आहेत, आणि ऐंशीच्या पुढच्या आत्त्यांच्या तोंडात आहेत. चोपडी राहील अजून, तिची आता फोटो कॉपी तरी झाली, पण आत्त्यांचं काही सांगता येत नाही.

तर माझ्या मागण्या. तुमच्या पेपराकडं एक, अशी मेळाव्याची बातमी आली की वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा की ह्यात लेकी-सुना कुठायत, बघा कशी तंतरते. वाचकांकडं एक, घरात वंशावळ काढायला घेतली असाल तर ऑफिसला द्यायची ती ऑफिसच्या नमुन्यात द्या, घरात ठेवायची दुसरी काढा, बायकोचं नाव, तिचं माहेर, लेक कुठं दिली, पाट असला तर पाट, कुणी पोरं नसताना गेली असली तरी तिचं नाव. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारा, बाप्याला नंतर, कारण सोयरीक कुठली आणि कोण कुणाची मावशी हे बाप्यांना कधीच धड सांगता येत नाही.

आणि आमच्या भावकीकडं. तात्यांचा काल फोन आला होता, कुणीतरी कान भरलेत, 'पेपरात काय देऊ नगंस बाई.' म्हटलं तात्या, दिलं. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, 'फ्लेक्स तर छापून झालाय, आता परत कोण पैसे घालणार.' म्हणजे अडचण आता पैशावर आली, पाटावर नाही राहिली, असं मी तरी धरते. तर तात्या, पुढच्या मेळाव्याच्या फ्लेक्सचे पैसे माझ्याकडं. पण डिझाईन माझ्या केंद्रात होणार, आणि थोरल्या पणजोबापुढचा 'निर्वंश' आधी निघणार.

आपली,
भावकीतलीच एक लेक
ता. करवीर, जि. कोल्हापूर